कॅरेक्स लावलं, मे महिन्यात जळालं. खान्देशात शोभेचा लव्हाळा कोणी जगवलाय का?

गिरणाकाठचा · १४ मे, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

राहायला जळगावात, घर पश्चिममुखी, पुढे कंपाउंडला लागून बारा-पंधरा फुटांची पट्टी आहे जिथे आधी लॉन होतं. लॉनचं काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, फेब्रुवारीपर्यंत हिरवं, मग पाणी पाजत बसा नाहीतर पिवळं बघत बसा. तर या जानेवारीत मोबाईलवर जपानी बागांचे फोटो बघत होतो त्यात ते कॅरेक्स दिसलं. दीड वीत उंचीचा झुबका, बारीक लांब पानं कारंज्यासारखी चहूबाजूंनी पडलेली, पानाच्या मधोमध पिवळसर पट्टा आणि कडा हिरव्या. बारमाही हिरवं, कापायला नको, मशीन नको. डोक्यात बसलं ते बसलं. ऑनलाइन सहा रोपं मागवली, 'एव्हरगोल्ड' नावाची, २८० ला एक, आणि सोबत त्यांनी एक तपकिरी रंगाचं कॅरेक्स फुकट टाकलं.

चार पट्टीत लावली, दोन कुंडीत. तपकिरीवालं वेगळ्या कुंडीत जिन्याखाली. मार्चपर्यंत एकदम मस्त, येणारा-जाणारा विचारायचा. फक्त आप्पा गावाहून आले तेव्हा (शेती भडगावकडे, कापूस आणि थोडी केळी) त्यांनी चप्पल काढायच्या आधी वाकून एक पान चोळून बघितलं आणि म्हणाले, "पैसा दीसन लव्हाया लयना? डोकं फिरनं का तुनं?" (म्हणजे पैसे देऊन लव्हाळा आणला?) मी म्हटलं आप्पा हे जपानचं आहे. तर म्हणे, "जपानमा बी लोके निंदतच व्हतीन."

एप्रिलात शेंडे तपकिरी व्हायला लागले. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून चार लिटरचे ड्रिपर लावले, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. तरी वाळतंय म्हणून दुपारी अजून एकदा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तर चारीच्या चारी झुबके झाडूसारखे झाले. कुंडीतलं एक गेलं, दुसरी कुंडी आईने कुठेतरी हलवलीये. आणि तपकिरीवाल्याचं तर मला कळतच नाहीये की ते मेलंय की जिवंत आहे, कारण ते आलं तेव्हापासून तसंच दिसतंय. हसू नका.

प्रश्न एवढाच की आपल्याकडे हे येतं का? कोणाकडे टिकलंय का? का माझंच काहीतरी चुकलं?

सावदा_लोकल · १४ मे, रात्री ११.०५

शेवटच्या प्रश्नावर हसलो, माफ करा भाऊ 😀 बाकी फोटो टाका ना.

पुणेरी_फांदी · १५ मे, सकाळी ७.४०

माझ्याकडे एव्हरगोल्ड तीन वर्षं आहे, काहीही त्रास नाही. सकाळचं चार तास ऊन, दिवसाआड पाणी, महिन्यातून एकदा गांडूळ खत. ऊन मिळालं की पट्टा छान उठतो. मला वाटतं तुमची माती चुकली असेल किंवा रोपं कुंडीत आवळलेली आली असतील. उन्हाला घाबरायची गरज नाही.

सावदा_लोकल · १५ मे, सकाळी ८.१०

दादा तुमचं ऊन आणि आमचं ऊन हे नावापुरतंच सारखं आहे. एकदा मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळ स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं लोखंडी बाकावर बसून दाखवा मग पट्ट्याबद्दल बोलू. काल इथे ४५ होतं, रात्री बाराला पंखा गरम हवा फेकत होता.

मोथामास्तर · १५ मे, दुपारी १.२५

गिरणाकाठचा, तुमचे आप्पा बरोबर आहेत हे आधी सांगून टाकतो. (मी चाळीसगावचा, आयुष्यभर पोरांना जीवशास्त्र शिकवलं, आता दुपारी झोप येत नाही म्हणून इथे.)

कॅरेक्स हे गवत नाहीच. ते लव्हाळ्याच्या कुळातलं. गवताचं ताट गोल असतं, बहुधा आतून पोकळ, आणि त्याला पेरं असतात. लव्हाळ्याच्या फुलाचा दांडा बोटांत धरून फिरवा, तीन धारा लागतात, आतून भरीव, पेरं नाहीत. पानंसुद्धा तीन ओळींत निघतात, वरून बघितलं की तीन दिशा दिसतात. आपल्या शेतातला लव्हाळा म्हणजे नागरमोथा आणि तुमचं २८० रुपयांचं एव्हरगोल्ड हे चुलत-चुलत भाऊ झाले. आप्पांनी पान चोळून ओळखलं याचं मला कौतुक वाटतं, कारण मी बीएस्सीच्या पोरांना हे स्लाईडवर दाखवून थकायचो.

आता चुलत भाऊ असून एक मरतो आणि दुसरा मारूनही मरत नाही हे कसं. एकट्या कॅरेक्समध्ये दोन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक थंड आणि ओलसर मुलखातल्या. आपल्या देशातही त्या जास्त हिमालयात सापडतात. तुमचं एव्हरगोल्ड मूळ जपानच्या होन्शू बेटावरच्या जंगलातलं, झाडांच्या सावलीतलं. तिकडे बर्फ पडला तरी ते हिरवं राहतं, ती त्याची 'बारमाही हिरवं' ची व्याख्या. थंडीत टिकतं म्हणून बारमाही. आपल्याकडे परीक्षा थंडीची नाही, वैशाखाची आहे, तो पेपर त्याने कधी दिलाच नाही.

दुसरं, कॅरेक्स सी३ पद्धतीचं झाड. म्हणजे हवेतला कार्बन पकडणारं जे एंझाइम असतं ते उष्णता वाढली की कार्बन डायऑक्साईडऐवजी ऑक्सिजनला जास्त धरायला लागतं, कमाई कमी आणि फुकटचा खर्च वाढतो. नागरमोथा सी४, ज्वारी-मका-उसासारखा, त्याने कार्बन आधी साठवून मग वापरायची वेगळी सोय करून घेतलीय, म्हणून ४५ मध्ये त्याला मजा येते. त्यात रात्रीही गरम, म्हणजे दिवसभर जे थोडं कमावलं ते झाड रात्री श्वासात उडवतं. पाणी कितीही द्या, हा हिशेब पाण्याने जुळत नाही.

केळीवाला_यावल · १५ मे, दुपारी ३.५०

मास्तर नमस्कार. पण एक शंका, केळी पण सी३ आणि कापूस पण सी३ असं आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. मग ते कसे येतात इथे? आमच्याकडे तर ४६ मध्ये केळी उभी असते.

मोथामास्तर · १५ मे, सायंकाळी ६.१५

बरोबर पकडलंत, मी जरा जास्तच सोपं करून सांगितलं. सी३ म्हणजे मेलंच असं नाही. केळी मुळात उष्ण दमट भागातली, तिला उष्णता परकी नाही, फक्त पाणी आणि दमट हवा पाहिजे. आणि तुम्हीच सांगा, उन्हाळ्यात बागेच्या पश्चिमेला काय लावता?

केळीवाला_यावल · १५ मे, सायंकाळी ६.४०

शेवरी नाहीतर गजराज गवत. आता बरेच जण हिरवी नेट बांधतात. गरम वारा आत शिरला की कडेच्या दोन-तीन ओळींची पानं चिंध्या होतात, आतल्या ओळी बघा तर गार. बागेत शिरलं की लगेच कळतं, शर्ट वेगळा लागतो अंगाला.

हां. म्हणजे भाऊंनी कॅरेक्स कडेच्या ओळीत लावलं असं म्हणायचंय का तुम्हाला 😀

मोथामास्तर · १५ मे, सायंकाळी ६.४५

कडेच्या ओळीत, पश्चिमेला, वर शेवरी नाही, खाली सिमेंटचं कंपाउंड तापलेलं.

धुळ्याची_कुंडीवाली · १५ मे, रात्री ९.३०

मी गेली सहा-सात वर्षं गच्चीवर झाडं करते आणि दोनदा कॅरेक्स मारलंय त्यामुळे अधिकाराने बोलतेय. गिरणाकाठचा तुम्ही एक झुबका उपटून बघा, वास येतोय का मुळाला. माझा अंदाज की वरून वाळलंय आणि खालून सडलंय, दोन्ही एकाच वेळी. काळी माती ड्रिपने दिवसभर चिकट ओली राहते, मुळांना हवा नाही, आणि पानं गरम वाऱ्यात जेवढं पाणी फेकतात तेवढं ती गुदमरलेली मुळं वर चढवू शकत नाहीत. आपण बघतो पान सुकलं की अजून पाणी. मी पहिल्या वेळेस हेच केलं.

आणि पाणी कुठलं देता? बोअरचं असेल तर शेंडे तपकिरी होण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. आमच्या बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो, तो क्षार. लव्हाळ्याच्या शोभेच्या जातींना तो सोसत नाही, शेंड्यापासून जळत येतात. आरओचं टाकून दिलेलं पाणी तर अजिबात नको, ते त्याहून खारट. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी पण नको, आठवडाभर पाणी उडून क्षार तेवढाच मागे राहतो. आमच्या शेजारच्या काकूंनी रोज सकाळी कूलर रिकामा करून कुंड्यांना घातला, 'वाया कशाला घालवायचं', जूनपर्यंत तुळससुद्धा गेली.

तपकिरीवाल्याचं: ते न्यूझीलंडकडचं असणार, कोमान्स नाहीतर बुकाननी, त्यांचा रंगच तसा. जिवंत असेल तर पान बोटाभोवती गुंडाळलं की वाकतं आणि बुडाशी पांढुरकं-हिरवट दिसतं. मेलेलं पान कट्कन तुटतं. करून सांगा.

आणि ती आईने हलवलेली सहावी कुंडी कुठाय?

गिरणाकाठचा · १६ मे, सकाळी ८.२०

ताई, तुम्ही ज्योतिषी आहात. उपटलं, खाली काळी पेस्ट, गटारीचा वास. चारही तसेच. पाणी बोअरचंच.

तपकिरीवालं कट्कन तुटलं. आमच्याकडे आता दोन महिन्यांपासून मेलेलं झाड शोपीस म्हणून होतं म्हणजे, पाहुण्यांना दाखवलं पण मी ते.

सहाव्या कुंडीचं विचारतो आईला, सध्या ती मामांकडे आखाजीला गेलीय ती आलीच नाही अजून, वरणबट्टी खात बसली असेल.

पुणेरी_फांदी · १६ मे, सकाळी ९.००

मी माझे शब्द मागे घेतो. ४५ ला रात्री पण थंड होत नाही हे लक्षात नव्हतं आलं. आमच्याकडे मे मध्ये पण पहाटे चादर लागते कधीकधी.

सातपुडा_पायथा · १६ मे, दुपारी १२.१०

तोरणमाळला एका ओळखीच्यांच्या घरामागे कॅरेक्स बघितलंय, पांढऱ्या कडांचं, 'आईस डान्स' म्हणतात ते, चांगलं पसरलेलं. पण तोरणमाळ हजार मीटरच्या वर, तळ्याच्या बाजूला, दुपारी पण झाडाखाली गार. नंदुरबारला उतरलं की तेच झाड दोन महिन्यात बसतं. खान्देश म्हणजे सगळा एकच तवा नाही एवढंच सांगायचंय.

नवीन_माळीण · १६ मे, दुपारी ४.३०

मला एक प्रश्न, माझ्याकडे नर्सरीतून 'जपानी ग्रास' म्हणून आणलेलं आहे, गडद हिरवं, दाट, ते मस्त चाललंय भुसावळला, मग ते कसं जगलं? ते पण कॅरेक्सच ना?

धुळ्याची_कुंडीवाली · १६ मे, सायंकाळी ५.०५

बहुतेक मोंडो ग्रास असेल. ते ना गवत ना लव्हाळा, ते शतावरीच्या कुळातलं. पानं जाडसर आणि तीन ओळींचा हिशेब नाही, कधी फळ धरलं तर निळं गोटीसारखं येतं. नर्सरीवाले पान लांब दिसलं की ग्रास म्हणतात. स्पायडर प्लांटला पण ग्रास म्हणून विकलेलं बघितलंय मी. पण खरं सांगू का, गिरणाकाठच्यांना जो लूक पाहिजे तो मोंडोने येतो आणि सावलीत ते आपल्याकडे टिकतं. पिवळा पट्टा मिळणार नाही तेवढंच.

अजून एक, पिवळं-हिरवं पट्ट्याचं एक असतं ते चोळलं की वेखंडाचा वास येतो, ते खरंच वेखंडाच्याच घरातलं. ते पण लोक कॅरेक्स म्हणून विकतात. त्याला पाय कायम ओलेच लागतात.

सावदा_लोकल · १६ मे, रात्री १०.००

मला तर वाटतं या धाग्यावर सगळ्यात सोपं उत्तर कोणी देतच नाहीये. छत्री पाम! आमच्या मोरीच्या पाण्यावर दहा वर्षांपासून आहे, कोणी बघत पण नाही त्याच्याकडे.

मोथामास्तर · १७ मे, सकाळी ६.५५

सावदा, मी तेच लिहायला आलो होतो. नर्सरीत अम्ब्रेला पाम म्हणून मिळतो तो पाम नाही, तोही लव्हाळाच, सायपेरस. मूळ आफ्रिका-मादागास्करकडचा. दांडा फिरवून बघा, वरच्या बाजूला तीन धारा जाणवतील. आणि कागदाचा तो मिसरी पपायरस, तो याचाच मोठा भाऊ, पण तो माणसापेक्षा उंच जातो आणि आपल्या मे-जूनच्या वादळात मधून मोडतो, म्हणून घराजवळ नको.

गंमत अशी की छत्री पामही सी३ च. (केळीवाले, तुमचा मुद्दा इथेही लागू.) पण पायाशी पाणी असलं की तो ऊन सोसतो, मुळं चिखलात गुदमरत नाहीत कारण देठातून खाली हवा न्यायच्या पोकळ्या असतात. कॅरेक्सला चार लिटरचा ड्रिपर म्हणजे शिक्षा, याला बादलीभर पाणी म्हणजे माहेर.

सावदा_लोकल · १७ मे, सकाळी ८.३०

रोप विकत घ्यायची पण गरज नाही. एक छत्री कापायची, खाली दोन बोटं दांडा ठेवायचा, पात्या अर्ध्या छाटायच्या आणि भांड्यात पाणी घेऊन उलटी तरंगत ठेवायची. उलटी, दांडा वर. पंधरा-वीस दिवसांत मधून पांढरी मुळं आणि छोटे कोंब निघतात. नदीकाठी दांडा वाकून पाण्यात पडला की ते आपोआप असंच करतं. माझी मुलगी चौथीत असताना शाळेच्या प्रोजेक्टला नेलं होतं, बाईंना वाटलं आम्ही चुकून उलटं ठेवलंय, त्यांनी सरळ केलं. मग वाळलं 😀

नवीन_माळीण · १७ मे, सकाळी ९.१५

पण साठलेल्या पाण्यात डास होणार ना? आमच्या गल्लीत गेल्या वर्षी डेंग्यूचे पेशंट होते.

सावदा_लोकल · १७ मे, सकाळी ९.२०

गप्पी मासे सोडा टबमध्ये. चार-पाच पुरे. किंवा टबच नको, मोरीच्या पाण्याची चारी काढा आणि त्यात कर्दळ आणि छत्री मिळून लावा. सांडपाणी साफ करायच्या वाफ्यांमध्ये हीच दोन झाडं वापरतात. फक्त पाणी उघड्यावर साचू देऊ नका, वरून बारीक खडी टाका.

वांग्याचं_भरीत · १७ मे, दुपारी २.००

धागा वाचून भूक लागली, वरणबट्टीचा उल्लेख करणाऱ्याला दंड.

गिरणाकाठचा · २१ मे, रात्री ९.४५

मंडळी, सहावी कुंडी सापडली!!

आई परत आली. आमच्या मागच्या ओट्यावर उत्तरेला तिवई आहे, तिच्यावर दोन माठ. माठ नवीन, पाझरतात, खाली फरशीवर कायम ओल, त्यावर कोणी घसरू नये म्हणून आईने फेब्रुवारीतच माझी कुंडी तिवईच्या खाली सरकवून ठेवलेली. कॅरेक्स म्हणून नाही, पाणी टिपायला भांडं म्हणून. मी तीन महिने त्या तिवईवरचं पाणी पितोय आणि खाली वाकून बघितलं नाही. कुंडीत एव्हरगोल्ड एकदम टवटवीत, पट्टा फिका पडलाय जरा, पण शेंडा एकही जळालेला नाही. ड्रिपर नाही, खत नाही, नेट नाही, काही नाही. आई म्हणे, "ते झाड आहे होय? मी म्हटलं वाळलेलं गवत लावलंय तू कुंडीला शोभेला."

मला आता राग येतोय का आनंद होतोय कळत नाहीये.

धुळ्याची_कुंडीवाली · २१ मे, रात्री १०.१०

अहो सोन्याची आई आहे तुमची. बघा काय झालं ते: उत्तरेची बाजू म्हणजे ऊन थेट नाहीच, पण उजेड आहे. वर माठ म्हणजे पाणी उडून आजूबाजूची हवा गार, तिवईखाली तर एसीच. पाझर थेंब थेंब, कुंडी कधी कोरडी नाही आणि कधी तुडुंब पण नाही. आणि मातीची कुंडी आहे ना? ती स्वतः पण माठासारखीच गार राहते. पट्टा फिका पडला तो सावलीमुळे, दिवाळीनंतर सकाळच्या उन्हात काढा, परत येईल.

केळीवाला_यावल · २२ मे, सकाळी ६.३०

आतल्या ओळीतलं झाड निघालं म्हणजे.

मोथामास्तर · २२ मे, सकाळी ७.१५

आता नवतपा (मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस) लागेल तीन दिवसात, तिथून हलवू नका. माठ बदलू नका. आईला तर मुळीच काही सांगायला जाऊ नका.

एकाची अनेक रोपं करायची असतील तर पावसाळ्यात, मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर. पूर्ण कुंडी पालथी करून झुबक्याचे हातानेच दोन-तीन भाग करायचे, सुरी लागली तर चालते, प्रत्येक भागाला मूळ आलं पाहिजे. युरोपात हे वसंतात करतात, आपला वसंत म्हणजे पुढे भट्टी, त्यामुळे ते पुस्तकी वेळापत्रक विसरा. आणि कात्रीने बुडाशी छाटू नका, ही बारमाही जात आहे, परत फुटायला फार वेळ घेते. वाळलेली पानं बोटांनी विंचरून काढायची, केस विंचरतो तशी.

मिश्रणात काळी माती नकोच, किंवा चार हिश्श्यात एक. बाकी पानांचं कुजलेलं खत, जाड वाळू, कोकोपीट. कोकोपीट दोन पाण्यातून धुऊन घ्या, त्यातही क्षार असतो.

गिरणाकाठचा · २९ जून, रात्री ८.३०

अपडेट देतो. पाऊस सुरू झाला. मास्तरांच्या सांगण्यावरून एव्हरगोल्डचे तीन भाग केले, तिन्ही ओट्यावर. पाणी आता फक्त पत्र्यावरून ड्रममध्ये साठवलेलं पावसाचं देतोय, फरक दिसतोय, नवीन पान एकदम स्वच्छ येतंय.

पुढच्या पट्टीत छत्री लावली सावदा भाऊंकडून आणून (भेट झाली, चहा झाला, शेवभाजी पण झाली), मोरीचं पाणी वळवलंय, सोबत कर्दळ.

आणि मुख्य बातमी. कुंडीतलं एक गेलं असं मी म्हटलं होतं ना, ती एव्हरगोल्डची कुंडी, ती तशीच कोपऱ्यात पडून होती, परवा बघतो तर मधून नवीन कोंब! सात-आठ आहेत, चकचकीत हिरवे. पट्टा नाही अजून पण मोठे झाले की येईल बहुतेक. मेलेलं झाड परत आलं, म्हणजे यात ताकद आहे. रोज सकाळी तिला पावसाचं पाणी आणि थोडं गांडूळ खत देतोय.

नवीन_माळीण · २९ जून, रात्री ८.४५

वा!! फोटो फोटो.

मोथामास्तर · २९ जून, रात्री ९.३०

गिरणाकाठचा, त्या कुंडीत वरून माती कुठली टाकली होती?

गिरणाकाठचा · २९ जून, रात्री ९.४०

जानेवारीत भरताना थोडी गावाहून आणलेली गाळाची माती होती. पाटचारी साफ केली तेव्हाची. का?

मोथामास्तर · २९ जून, रात्री ९.४४

एक कोंब हळूच बुडापर्यंत उकरा. खाली काळपट गाठ असेल तर नखाने खरवडून वास घ्या. उद्या सांगा.

सावदा_लोकल · २९ जून, रात्री ९.४६

अरे देवा 🙈

गिरणाकाठचा · ३० जून, सकाळी ७.०५

गाठ आहे. उटण्याचा वास येतोय.

धुळ्याची_कुंडीवाली · ३० जून, सकाळी ७.२०

मी ऑफिसला जाताना रिक्षात हसतेय, लोक बघतायत.

केळीवाला_यावल · ३० जून, सकाळी ७.५०

पाटचारीच्या गाळाला लव्हाळा फुकट मिळतो भाऊ, हा त्याच्यावरचा डिस्काउंट. आता गांडूळ खत देऊ नका त्याला, आमच्याकडे न देता एका हंगामात अख्खा वाफा भरतो. आणि ती कुंडी ओट्यावरच्या तिघांपासून लांब ठेवा आधी.

नवीन_माळीण · ३० जून, सकाळी ११.००

लव्हाळ्यासाठी वेगळं तणनाशक येतं ना, ते मारलं तर?

मोथामास्तर · ३० जून, दुपारी १२.३५

येतं, उसात आणि मक्यात हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, ते मुख्यतः लव्हाळ्यासाठीच मारतात. पण तुम्हीच विचार करा, शोभेचं कॅरेक्सही लव्हाळ्याच्याच कुळातलं आणि छत्रीही. औषधाला कुठे कळणार कोणता २८० चा. कुंडीतच आहे तर औषध कशाला, माती चाळून गाठी वेचा. नुसता कोंब उपटून उपयोग नाही, गाठ खाली राहते, आणि एका गाठीतून दोऱ्यासारखी मुळी निघून तिला पुढची गाठ, तिला पुढची, अशी माळ तयार होते. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांमध्ये याचा नंबर पहिला धरतात तो उगाच नाही.

पुणेरी_फांदी · ३० जून, दुपारी १.१५

सहज सुचलं, कोणी 'स्टार ग्रास' लावलंय का? पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं दिसतात (ती फुलं नसतात खरं तर, पात्याच पांढऱ्या असतात), तो पण याच कुळातला आणि पाण्याकाठचा. उष्ण भागातला आहे म्हणून विचारतोय, उन्हाला घाबरत नसावा. या वेळी मी 'नसावा' म्हणतोय, नोंद घ्यावी.

सातपुडा_पायथा · ३० जून, दुपारी २.४०

आहे माझ्याकडे शहाद्याला, टबमध्ये, छत्रीच्याच बाजूला. उन्हाळ्यात नेट लागते दुपारची आणि टब आटला की संपलं. पण पावसाळ्यात बघत राहावं असं दिसतं. बहुतेक लव्हाळ्यांचं परागीकरण वाऱ्याने होतं पण याच्यावर माझ्याकडे बारक्या माश्या येतात, पांढऱ्या पात्या त्यासाठीच. पुढच्या महिन्यात फुटवे काढणार आहे, जळगावला येणं झालं तर आणतो.

गिरणाकाठचा · ११ ऑगस्ट, रात्री ९.१५

सातपुडा भाऊंचे फुटवे पोचले, धन्यवाद. ओट्यावरचे तिघे छान. त्यातल्या एकावर पानामागे बारीक जाळी दिसत होती, लाल कोळी निघाला, पाण्याच्या फवाऱ्याने मागची बाजू दोन-तीन दिवस धुतली, गेला. बाकी शांत.

कुंडी अजून तशीच आहे. चाळायचा कंटाळा. खरं सांगायचं तर लव्हाळा इतका सुंदर वाढलाय की उपटवत नाही, आमच्याकडे पाहुणे आले कानबाईच्या सणाला ते त्याचंच कौतुक करून गेले. मी काही बोललो नाही.

धुळ्याची_कुंडीवाली · ११ ऑगस्ट, रात्री ९.३०

बोलूच नका. पण तुरे यायच्या आत काढा हो.

गिरणाकाठचा · २८ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

दिवाळीसाठी आप्पा आलेत. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी परत वाकले. या वेळी त्या कुंडीपाशी. पान चोळलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग म्हणे, "आते हाऊ तरी फुकट शे ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, कुंडी पालथी केली, चहा होईपर्यंत एक एक गाठ बोटाने सोडवत बसले, माझ्या मुलाला मोजायला बसवलं. ४३ निघाल्या. एका बारा इंची कुंडीतून. आईने धुऊन ओट्यावर वाळत घातल्यात, उटण्यात घालणार आहे, विकतचं या वर्षी नको म्हणे. गाठी वाळत आहेत तिथेच बाजूला तिन्ही एव्हरगोल्ड, पट्टा परत यायला लागलाय सकाळच्या उन्हाने.

रिकामी कुंडी चांगली आहे, त्यात काय लावू?

केळीवाला_यावल · २८ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

माती तीच वापरणार का?

गिरणाकाठचा · २८ ऑक्टोबर, सकाळी १०.५५

हो, चाळली की आप्पांनी.

मोथामास्तर · २८ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

मग काही लावू नका. पंधरा दिवस पाणी घाला आणि वाट बघा, ४४ वी वर येईल.